आईचं नाव राभा

"आणि आईचं नाव विचारलं, तर राभा सांगायचं. विसरू नका. राभा."

"कोणाच्या आईचं?" फोनवर पलीकडून म्हाताऱ्या आवाजात प्रश्न आला.

"माझ्या. म्हणजे आपल्या. आपण नातेवाईक ना!"

"आपण याआधी कधी भेटलोय का?"

लखदरनं कपाळाला हात लावला. विमानतळाच्या चौकाअलीकडे पेट्रोल पंपाच्या सावलीत त्यानं गाडी उभी केली होती. मोरोक्कोतल्या उज्दाचं विमानतळ एवढंसं, की पंपावरून त्याचं एकुलतं एक काचेचं दार दिसायचं, दारासमोरचे खजूर दिसायचे आणि खजुरांखाली टॅक्सीवाल्यांचा स्टँडही दिसायचा. तो स्टँडच त्याला नको होता.

"काका, नीट ऐका," तो म्हणाला. "ॲपवरचं भाडं उचललेलं टॅक्सीवाल्यांना खपत नाही. पकडलं तर गाडी अडवतात, पोलिसाला हाक मारतात आणि गाडी जप्त होते. म्हणून आपण घरचे. बाहेर आलात, की आधी मला मिठी मारायची. मग पुढच्या सीटवर बसायचं. मागे बसला तो गिऱ्हाईक, पुढे बसला तो पाहुणा. माझं नाव लखदर. मी तुमचा मामा."

"वय काय तुझं?"

"पन्नाशी उलटली."

"आणि माझी सत्तरी आली. मामा कसा होशील तू माझा?"

लखदरची गिऱ्हाइकं एरवी कॉलेजातली पोरं, नाहीतर नव्यानं लग्न झालेल्या सुना. त्यांना मामा चालून जायचा. "बरं, मग भाऊ म्हणा. धाकटा."

"धाकटा चालेल. मी तय्यब."

"पण तय्यबकाका, तुम्ही जरा चालत पंपापर्यंत आलात, तर हे नाटकच करायला नको. सगळे येतात. ॲपवरसुद्धा पंपाचाच पत्ता आहे."

"तो माझ्या मुलीनं तिकडून, फ्रान्समधून टाकलाय. मला त्यातलं काही कळत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं, बॅगही जड आहे." म्हातारा जरा थांबला. "इथले सगळे गेले रे. प्रत्येकाला न्यायला कोणी ना कोणी आलं होतं. आता मी एकटाच उभा आहे आणि झाडूवाला माझ्याभोवतीनं झाडतोय."

भाडं रद्द करायला एक बोट पुरलं असतं, आणि ते बोट लखदरनं पडद्यापाशी नेलंही होतं. पण त्या झाडूवाल्यानं घोटाळा केला. लखदरनं फोन मांडीखाली सरकवला, अल्लाचं नाव घेतलं आणि गाडी दाराच्या दिशेनं काढली.

त्या स्टँडवर त्याची वीसेक वर्षं गेली होती. टॅक्सी त्याची, पण परमिट एका विधवा बाईचं. दर महिन्याला तिच्या दारात भाडं पोचवायचं आणि तिच्या परमिटावर गाडी चालवायची. बाई गेली आणि तिच्या मुलानं परमिट स्टँडवरच दुसऱ्याची टॅक्सी चालवणाऱ्या जिलालीला दिलं. जिलाली तरुण, तापट आणि जास्त भाडं द्यायला तयार. त्यात बेकायदा काहीच नव्हतं. लखदरनं टॅक्सी विकली, एक साधी जुनी गाडी घेतली आणि ॲपवर नाव घातलं. त्या दिवसापासून स्टँडच्या लेखी तो चोर झाला. ज्यांच्या मुलांच्या सुंतेला तो जेवला होता, ती माणसं बाजारात दिसली की तो गल्ली बदलायचा. गाडी जाण्याची भीती होतीच, पण त्यांच्या हातून जाण्याची जास्त होती.

शिवाय एक गोष्ट त्याला मनातून टोचायची. टॅक्सीवाल्यांनी आता पक्की परीक्षा शोधून काढली होती. ते गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन विचारायचे, 'तुझा पाहुणा ना हा? मग याच्या आईचं नाव सांग.' नाव काय, ॲपवरही दिसतं. आईचं नाव घरच्यालाच ठाऊक. त्यामुळे लखदरसारख्यांना आपल्या आईचं नावही गिऱ्हाइकाला आधी पढवून ठेवावं लागायचं. राभा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तिचं नाव उज्दाच्या निम्म्या कॉलेजांत पाठ झालं होतं. कयामतीला, हिशेबाच्या दिवशी, आई याचा जाब विचारणार, याबद्दल लखदरला शंका नव्हती.

काचेचं दार सरकलं. जाड चष्मा, उन्हातही कोट आणि स्वतःपेक्षा मोठी बॅग असा एक बुटका म्हातारा बाहेर आला. लखदर गाडीतून उतरला, हात पसरून दोन पावलं पुढे गेला. ठरल्याप्रमाणे मिठी झाली.

आणि ठरल्याप्रमाणे ती सुटली मात्र नाही.

"लखदर!" म्हातारा मोठ्यानं म्हणाला. "भावा माझ्या! आलास रे! आलास तू न्यायला!" त्यानं लखदरच्या गालांचे मुके घेतले, खांद्याचा मुका घेतला, डोकं त्याच्या छातीवर टेकलं आणि हुंदका दिला.

"पुरे, काका," लखदर दातांतून पुटपुटला. "एवढं नको. सगळे बघतायत."

बघत होतेच. मागे वळून बघतो, तर जिलाली गाडीच्या उघड्या दारातून आत वाकला होता. तो बाहेर आला तेव्हा गाडीची किल्ली त्याच्या मुठीत होती. त्याच्यामागे स्टँडवरचे आणखी दोघे.

"काय लखदरभाऊ," जिलाली म्हणाला, "आता थेट दारातूनच उचलायला लागलात? पंपावरचं पोट भरेना का?"

"पाहुणे आहेत माझे. किल्ली दे."

"पाहुणे! तुमच्याकडे पाहुण्यांचा नुसता पूर आलाय. काय हो आजोबा, हा कोण तुमचा?"

"भाऊ," म्हातारा चष्मा पुसत म्हणाला. "धाकटा."

"अस्सं. मग आईचं नाव सांगा बघू."

"राभा," म्हातारा म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "राभा होतं रे तिचं नाव. मी नव्हतो इथे ती गेली तेव्हा. मातीसुद्धा नाही देता आली मला."

जिलालीची मूठ सैल पडली. हे उत्तर परीक्षेत कधी आलंच नव्हतं. माती द्यायची राहिली, हे लखदरनं म्हाताऱ्याला पढवलं नव्हतं. ते खरं होतं, आणि ते त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाचं, मीमूनचं खरं होतं.

मीमूनला फ्रान्सला जाऊन अठरा वर्षं झाली होती. आई होती तोवर दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. आई गेली तेव्हा तो आला नाही, आणि लखदरला जो राग आला तो त्यानं गिळूनही टाकला नाही नि बोलूनही टाकला नाही. त्यानं फोन करणं बंद केलं. तिकडूनही बंद झालं. स्टँडवर मात्र तो दर वर्षी सांगायचा, 'यंदा उन्हाळ्यात मीमून येतोय.' उन्हाळे येत गेले. पुढे पुढे स्टँडवर ती म्हणच पडली. एखादं विमान तासन् तास खोळंबलं, की कोणीतरी जांभई देत म्हणायचं, 'हेही मीमूनचंच विमान दिसतंय.' लखदरही हसायचा. न हसून सांगतो कोणाला?

गलका ऐकून खजुराखालून बा कद्दूर उठला. स्टँडवरचा सगळ्यांत म्हातारा टॅक्सीवाला. कोणाचा नंबर आधी, कोणाचा नंतर, हे त्याच्या शब्दावर चालायचं आणि त्याच्या शब्दावर पोलीसही गाडी उचलायचे किंवा सोडायचे. तो काठी टेकत आला, म्हाताऱ्यासमोर उभा राहिला आणि त्याच्याकडे निरखून बघत राहिला. मग त्यानं लखदरकडे पाहिलं. लखदरनं मान खाली घातली. संपलं, असं त्याच्या मनानं घेतलं.

बा कद्दूरनं काठी जिलालीच्या हातात दिली आणि दोन्ही हात पसरले.

"मीमून!" तो म्हणाला. "आलास शेवटी!"

मग काय विचारता! 'मीमून आला' ही बातमी स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. ज्यांनी मीमूनला जन्मात पाहिलं नव्हतं तेही धावत आले. म्हणीतला माणूस प्रत्यक्ष बघायला मिळतोय म्हटल्यावर कोण बसून राहील? कोणी बॅग उचलली, कोणी खुर्ची आणली. जिलालीचा चेहरा पडला होता. त्यानं किल्ली लखदरच्या तळहातावर ठेवली आणि वर आपला हात दाबून धरला.

"माफ कर, लखदरभाऊ. तुझा भाऊ खरंच आहे, हे मला काय ठाऊक? मला वाटायचं थापा मारतोस."

तय्यबकाकांनी लखदरकडे प्रश्नार्थक पाहिलं. आपलं नाव मीमून केव्हा झालं, हे त्यांना कळलं नव्हतं. पण एकदा भाऊ व्हायचं कबूल केल्यावर नावाची घासाघीस करण्यात अर्थ नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसलं. ते खुर्चीत ऐसपैस बसले.

खजुराखाली पुदिन्याचा चहा आला. बडीशेप घातलेली काक बिस्किटं आली. स्टँड सुटल्यापासून लखदरनं तिथला चहा प्यायला नव्हता. पेला हातात आला, तोच फुटक्या काठाचा जाड पेला. फसवून मिळवलेला चहा इतका गोड लागावा, याची त्याला लाज वाटली.

"मीमूनकाका, एक विचारू का?" जिलाली पायाशी उकिडवा बसत म्हणाला. आता त्याच्या आवाजात आदर होता. "इतकी वर्षं का नाही आलात? हा दर उन्हाळ्यात तुमची वाट बघायचा. आम्ही चेष्टा करायचो याची."

तय्यबकाका पेला दोन्ही हातांनी फिरवत राहिले.

"आधी तिकडे राहण्याचे कागद नव्हते," ते म्हणाले. "कागद झाले तर कारखान्यात सुट्टी मिळेना. मग इकडनं फोन आला, ती गेली म्हणून. दुसऱ्या दिवशी दफन, आणि मी तिकडे. त्यानंतर कागदही होते, सुट्टीही होती. पण लाज वाटायला लागली. एक वर्ष गेलं की वाटायचं, आता काय तोंडानं जाऊ? दुसरं गेलं की वाटायचं, आता तर मुळीच नको. कोणीतरी नुसतं 'ये' म्हणायला हवं होतं. मी फोन उशाशी घेऊन झोपायचो. पण रागावलेल्या माणसाला आपण होऊन फोन कसा करणार?"

लखदर भलतीकडे बघत होता. इतकी वर्षं तो मीमूनशी मनातल्या मनात भांडत आला होता आणि त्या भांडणात मीमूनची बाजूही त्यानंच मांडली होती: गर्विष्ठ, पैशानं माजलेला, आईला विसरलेला. आज पहिल्यांदा मीमूनच्या नावानं दुसरंच कोणीतरी बोललं होतं.

निघताना जिलालीनं स्वतः बॅग डिकीत ठेवली. तय्यबकाका पुढच्या सीटवर बसले. बा कद्दूर काठी टेकत लखदरच्या खिडकीशी आला आणि आत वाकला.

"मीमून तुझ्यापेक्षा वीतभर उंच होता," तो अगदी हळू म्हणाला. "त्याला मीच माझ्या टॅक्सीतनं इथे आणून सोडलं होतं. फ्रान्सला जाऊन माणूस जाड होतो, टकला होतो. आखूड होत नाही."

"बा, मग तुम्ही..."

"किल्ली जिलालीच्या हातात होती ना. ती सोडवायला दुसरं काय करणार?" बा कद्दूरनं गाडीच्या टपावर थाप मारली. "पुन्हा दारात येऊ नकोस. या पोरांच्याही घरी चूल पेटायची असते. पण खरा येईल तेव्हा ये. रांगेतली पहिली टॅक्सी घे आणि मानानं घेऊन जा त्याला."

चौक मागे पडला. पंप गेला, डाळिंबांच्या बागा गेल्या.

"मी जास्त केलं का रे?" शेवटी तय्यबकाकांनी विचारलं. "आमच्या गावात नाटकात मी एकदा द्वारपाल होतो. मला दोनच वाक्यं होती. त्यांतलं एक विसरलो होतो."

"आज तर एक वाक्य विसरला नाहीत."

"ते वाक्य नव्हतं, पोरा. माझ्या आईचं नाव यामना. नाव तेवढं तुझ्याकडनं घेतलं, बाकीचं माझ्याजवळचं होतं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तू हात पसरून उभा होतास. मला माहीत होतं ते खोटं आहे. पण कोणीतरी हात पसरून उभं होतं. मग मला आवरलं नाही."

लखदरनं गाडी उगाचच हळू केली. "मीमून माझा खरा भाऊ आहे," तो म्हणाला, आणि मग सगळंच सांगितलं.

म्हाताऱ्यानं शेवटी एवढंच विचारलं, "नंबर आहे?"

"आहे."

"मग माझ्याकडे काय बघतोस?"

तय्यबकाकांचं घर जुन्या शहराच्या भिंतीलगतच्या गल्लीत होतं. कुलूप गंजलेलं होतं, किल्ली फिरेना. दोघं मिळून खटाटोप करत होते, तोच समोरचं दार उघडलं आणि पिठाचे हात घेऊन एक म्हातारी बाहेर आली. तिनं डोळे बारीक केले.

"कोण रे तिकडे? यामनाचा तय्यब का तू?"

"हो, मीच," तय्यबकाका चाचरत म्हणाले.

"मग कुलपाशी काय झटतोस? ते तर तुझ्या आईलाही धड उघडत नव्हतं. आत ये, जेव आधी. कुलूप पळून नाही जात." लखदरकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "हा कोण?"

"भाऊ," तय्यबकाका म्हणाले. आता तिथे कोणी परीक्षा घेत नव्हतं.

लखदरनं गल्लीच्या तोंडाशी येऊन गाडीत बसून फोन काढला. नंबर अजून तसाच होता. घंटा वाजली. तिसऱ्या घंटेला तो ठेवणार, तेवढ्यात पलीकडून उचलला गेला आणि हॅलोही न म्हणता मीमूननं विचारलं, "कोण गेलं?"

सहा वर्षांनी घरून फोन आला, तो मरणाचाच असणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. लखदरनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

"कोणी गेलं नाही," तो म्हणाला. "तू कधी येतोस ते विचारायला केला."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

ऑगस्टात एका दुपारी लखदर विमानतळावर बसनं आला. गाडी त्यानं घरीच ठेवली होती. अंगात इस्त्रीचा सदरा होता आणि बायकोनं दिलेली काकची पिशवी हातात. तो सरळ खजुराखाली गेला.

"बा, एक टॅक्सी हवी होती. रांगेतली पहिली."

रांगेत पहिला जिलाली होता, म्हणजे लखदरच्याच जुन्या परमिटाची गाडी. "कोणाला न्यायचंय?" जिलालीनं विचारलं.

"भावाला."

जिलालीनं त्याच्याकडे पाहिलं, मग बा कद्दूरकडे, मग परत त्याच्याकडे. "आणखी एक? तुझ्या आईनं तरी एकूण किती..."

"एकच," लखदर म्हणाला. "मागचा माझा नव्हता. मी खोटं बोललो, जिलाली. त्या दिवशी ते भाडंच होतं."

जिलालीच्या कानशिलाची शीर उडताना लखदरला दिसली. जे व्हायचं ते आता होईल म्हणून तो उभा राहिला.

"म्हणजे मी," जिलाली सावकाश म्हणाला, "ती दगडांची बॅग फुकटात उचलली?"

पहिल्यांदा बा कद्दूर हसला. मग हळूहळू सगळेच हसले आणि शेवटी जिलालीलाही राहवेना. "आज मीटरचं पुरं भाडं घेणार," तो बोट नाचवत म्हणाला. "आणि आईचं नाव विचारणार. त्यात सवलत नाही."

विमान उतरलं. माणसं येत गेली, मिठ्या पडत गेल्या, गाड्या निघून गेल्या. दारापाशी गर्दी राहिली नाही. लखदरचा फोन वाजला.

"मी आतच आहे," मीमून म्हणाला. त्याचा आवाज अगदी आईसारखा झाला होता. "बॅग मिळाली. पण बाहेर... बाहेर कोण कोण आहे?"

"सगळा स्टँड आहे."

"काय म्हणतील रे मला?"

"काही नाही. फक्त आईचं नाव विचारतील. येईल ना सांगता?"

काचेच्या पलीकडे, बराच आत, एक उंच माणूस बॅगेच्या दांड्याला धरून उभा होता. त्याच्याभोवतीनं झाडूवाला झाडत होता.

"मग ये," लखदर म्हणाला. "आणि बाहेर आलास, की आधी मला मिठी मार."

दार सरकलं, तसा बा कद्दूर चहाचा पेला खाली ठेवून काठीच्या आधारानं उठला, आणि त्याच्यामागे सगळा स्टँड उभा राहिला.